कॉलरीमागचा लाल टाका

थॉर्नविकच्या वर्कहाऊसच्या, म्हणजे सरकारी गरीबखान्याच्या, फाटकातून टॅबिथा पॉगसन डावीकडे गेली आणि तिचा नवरा जोब उजवीकडे. एकेचाळीस वर्षांचा संसार दरवानाने नुसत्या हाताच्या इशाऱ्याने दोन अंगणांत वाटून टाकला. ती इमारत बांधणाऱ्याला माणसांपेक्षा भिंतींचीच हौस असावी. नवरा-बायकोत आड येणारी भिंत तर त्याने बारा फूट चढवली होती.

टॅबिथाला धुलाईघरात घातलं. पुरुषांचे शर्ट दर सोमवारी तिथे यायचे. शर्ट कुणाचेच नव्हते, संस्थेचे. शनिवारी धुतलेल्या ढिगातून हाती येईल तो अंगात घालायचा. टॅबिथाने एका शर्टाच्या कॉलरीमागे लाल टाका घातला. लग्नापासून त्याच्या कपड्यांवर ती घालायची तीच खूण. जोबने ती बरोबर ओळखली आणि दर शनिवारी ढिगातून तोच शर्ट उचलायला लागला. तेव्हापासून दर सोमवारी टाका परत आला की जोब जिवंत. सात महिने त्यांचा पत्रव्यवहार एवढाच.

फेब्रुवारीत पुरुषांकडे ताप शिरला. एका आठवड्यात तीन शवपेट्या बाहेर गेल्या. नावं विचारायची सोय नव्हती.

"मेल्याचा शर्ट धुऊन पुढच्याला देतात," धुलाईघरातली कझाया म्हणाली. "नुसता टाका बघून काय हरखतेस, बाई?"

टॅबिथाच्या हातातला साबण तिथेच राहिला.

रविवारी प्रार्थना संपली. एरवी मागच्या दाराने जाणारे पुरुष त्या दिवशी रांगेने बायकांसमोरून निघाले. जोब दिसेना. आणि एका टकल्या म्हाताऱ्याच्या मानेवर लाल टाका.

तिथे बोलायला बंदी होती. तरी तिने त्याची बाही धरली.

"हा शर्ट कुठून आणलास?"

"हळू गं बये. तुझ्याच नवऱ्याने दिला, दोन चिमटी तंबाखूला. टोचतो मेला."

"तो कुठाय?"

"खांबाआड. दर रविवारी तिथेच झोपतो."

तेवढ्यात खांबामागून जोब डोळे चोळत बाहेर आला. बायकांवर देखरेख करणाऱ्या मेट्रनने बोलल्याबद्दल टॅबिथाला दोन दिवस नुसता पाव ठोठावला. तो खाताना तिने नवऱ्याला मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की पाव कोरडा लागलाच नाही. सोमवारी शर्ट आला, तसा तिने टाका उसवून टाकला.

पुढच्या सोमवारी ढिगात एकही खूण नव्हती. तिने सगळे शर्ट दोनदा चाळले. मग एका कॉलरीमागे बोटाला काहीतरी टोचलं. पुरुषांना जुने दोर उसकटायला देतात, त्यातला डांबरी धागा. सुई आयुष्यात पहिल्यांदाच धरलेल्या हाताचा वेडावाकडा टाका.

"सरळ करून देऊ?" कझायाने विचारलं.

"राहू दे," टॅबिथा म्हणाली. "टोचू दे त्याला."