आईच्या वाट्याचे यहुदी

आमच्या वाशीमच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत प्रार्थनेचे विषय वाटून घ्यायची पद्धत आहे. कुणाकडे आजारी माणसं, कुणाकडे दहावीची मुलं, कुणाकडे ऊसतोडीला गेलेली कुटुंबं. वीसेक वर्षांपूर्वी एका पाहुण्या पाळकांनी विचारलं, यहुदी लोकांसाठी रोज कोण प्रार्थना करील? सगळ्या बायका पदर सावरत खाली बघू लागल्या. आईने हात वर केला. "कोनी तरी घ्यायलेच पायजे ना," एवढंच तिचं म्हणणं.

घेतलं ते घेतलं. रोज सकाळी चहाच्या आधी तिचं सुरू व्हायचं: "हे देवबापा, दुनियाभर पांगलेल्या तुह्या लोकायले गोया कर, त्यायच्या देशात सुखरूप नेऊन सोड." माझ्या परीक्षेसाठी एक वाक्य आणि त्यांच्यासाठी अर्धा तास, याचा मला भयंकर राग यायचा. बरं, यहुदी माणूस तिने उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

गेल्या वर्षी आमच्या दवाखान्यात नर्सेसना शिकवायला कोकणातून एक बाई आल्या. डबा खाताना सहज म्हणाल्या, "आम्ही बेने इस्राएल. कोकणातले यहुदी." मी हातातला घास तसाच ठेवून आईला फोन लावला.

"यहुदी? अन् मराठी बोलून राह्यल्या?" आई ओरडलीच. "जेवाले घेऊन ये. नाही आनलं तर तूबी येऊ नको."

त्यांना काय चालतं, काय नाही, हे बघायला आईने तीन दिवस बायबलमधलं लेवीय, म्हणजे खाण्यापिण्याच्या नियमांचं पुस्तक, पालथं घातलं. शेवटी मटणाचा बेत रद्द झाला. नवं पातेलं आणून वांग्याची भाजी आणि भाकरी केली. बाईंनी ठेचा दोनदा मागून घेतला, तरी आईचा जीव थाऱ्यावर नव्हता. आपण इतकी वर्षं मागितलं ते या लोकांना हवं तरी होतं का, हे तिला विचारायचं होतं.

जेवणं झाल्यावर तिने सगळं सांगून टाकलं. बाईंनी ग्लास खाली ठेवला.

"आम्ही ख्रिस्ती व्हावं म्हणून?"

मी घाईघाईने बडीशेप पुढे केली. आईला खोटं बोलता येत नाही.

"सुरवातीले तेबी मांगत होती," आई म्हणाली. "मंग सोडलं. ते देवाचं अन् तुमचं तुमी पाहून घ्या. मी फक्त म्हनते, यायले यायच्या घरी, इस्राएलात पोचव."

बाई खो खो हसत सुटल्या. "म्हणजे तुमचं काम आहे होय हे! माझे दोन्ही भाऊ गेले, काका गेले, अख्खी आळी गेली!" मग हसू जरा ओसरलं. "आमच्या गावच्या सिनेगॉगमध्ये सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. गेल्या सणाला सातच जमले. दुपारपर्यंत वाट पाहिली आणि आपापल्या घरी गेले."

"तुमी नाही गेल्या?"

"माझं घर तिथंच आहे हो."

आईचा चेहरा पडला. मग उठून तिने बाईंचा हात धरला आणि डोळे मिटले.

"देवबापा, ज्यायले जायचं त्यायले सुखरूप ने. पन या बाईच्या गावात सातच हायेत. तीन मानसं पाठव."

आईच्या आधी बाईच आमेन म्हणाल्या.