अमेरिकेहून आलेले बूट

माझ्या नातीच्या बोरन्हाणाला मी सोसायटीतल्या झाडून सगळ्या बायकांसमोर सांगितलं, की पोरीच्या पायातले हे दांडीवाले बूट जावयांनी अमेरिकेहून पाठवलेत आणि ते घातले की मुलं लवकर चालायला लागतात. त्यात खरं एवढंच होतं, की जावई अमेरिकेत होते.

हे लिहायला नातीनं परवानगी दिली आहे, एका अटीवर. “आजी, स्वतःला शहाणी दाखवू नकोस.” ही अट पाळणं मला अगदी सोपं जातंय.

तेव्हा मी चोपन्न वर्षांची होते. बँकांमध्ये व्हीआरएसची, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची, लाट आली होती, तिच्यात मीही उडी मारली आणि कोथरूडच्या घरी येऊन बसले. बँकेत माझी ख्याती अशी, की सहीतला एक फाटा इकडचा तिकडे झाला तरी मी चेक परत करायची. खोटेपणा मला खपत नसे. लोक वचकून असत. अशी बाई दिवसभर घरी बसली की घरच्यांचं काय होतं, ते यांना विचारायला हवं होतं. यांनी सकाळचं फिरणं अर्ध्या तासावरून दोन तासांवर नेलं होतं.

लेक बाळंतपणाला माहेरी आली. ती सॉफ्टवेअरमध्ये, जावईही सॉफ्टवेअरमध्ये, आणि दिवस भरत आले तसे जावई नेमके ‘ऑनसाइट’, म्हणजे अमेरिकेला, गेले. मुलगी झाली. नाकीडोळी नीटस, जावळ दाट, आणि उजवं पाऊल आत वळलेलं, तळवा वर बघतोय असं. डॉक्टर म्हणाले, घाबरू नका, दर आठवड्याला प्लास्टर बदलत बदलत पाऊल सरळ करत आणू. लेक घाबरली नाही. तिनं शांतपणे चार प्रश्न विचारले. मी मात्र दवाखान्याच्या पॅसेजमध्ये उभ्या उभ्या त्या तीन दिवसांच्या मुलीच्या लग्नाच्या खटपटीला लागले. दोन-तीन स्थळं पाहिली, त्यांचे नकारही पचवले, आणि मगच पाणी प्यायले.

प्लास्टरचे दिवस मी दुपट्यावर भागवले. घरातून रिक्षापर्यंत पोर अशी गुंडाळायची, की नुसतं नाक दिसावं. ऑक्टोबरच्या उन्हात लोकरीचं दुपटं. जिन्यात कुणी विचारलं, तर “जरा सर्दी आहे हो.” नातीला माझ्या कृपेनं दोन महिने सर्दी होती.

शेवटचं प्लास्टर निघालं, तेव्हा पाऊल इतकं सुरेख सरळ झालेलं, की मी पेढे आणायला निघाले. डॉक्टरांनी थांबवलं. म्हणाले, खरं काम आता सुरू होतंय. सरळ केलेलं पाऊल पुन्हा आत वळायला बघतं, म्हणून आता बूट. ते सदाशिव पेठेतल्या एका दुकानात मापानं करून घेतले. चामड्याचे दोन इवलेसे बूट, वर नाडी, मधे पट्टा, आणि दोन्ही एका आडव्या दांडीवर पक्के बसवलेले, चवडे बाहेरच्या बाजूला. पहिले तीन महिने फक्त आंघोळीपुरते काढायचे, एरवी रात्रंदिवस पायात. त्यानंतर झोपताना, पण चांगली तीन-चार वर्षं.

“डावा पाय तर चांगला आहे. त्याला शिक्षा कशाला?” मी विचारलं.

“दोन्ही पाय अडकवल्याशिवाय दांडीचा उपयोग नाही, आजी.”

“आणि नाही घातले तर?” हे लेकीनं विचारलं.

“तर पुन्हा प्लास्टरपासून सुरुवात. कदाचित ऑपरेशन.”

हे मी दोन्ही कानांनी ऐकलं होतं. म्हणजे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

पहिले दोन-तीन दिवस पोरीनं घर डोक्यावर घेतलं. बाळाचे पाय म्हणजे काय, एक इकडे, एक तिकडे, सायकल मारल्यासारखे. आता एक हलवला की दुसरा त्याच्याबरोबर फरफटत यायचा. तिला ते पटेना. पाळण्याच्या कडेवर दांडी आपटायची, ठण्ण. मांडीवर घेतलं की माझ्या गुडघ्यावर, खांद्यावर घेतलं की यांच्या बरगडीत. यांनी जुन्या सायकलच्या हँडलवरची फोमची मूठ उभी चिरली आणि दांडीवर चढवून दोऱ्यानं बांधली. “तिच्यासाठी नाही,” म्हणाले, “माझ्यासाठी.”

लेकीनं डॉक्टरांकडून एक खेळ शिकून घेतला होता. दांडी मधोमध धरायची आणि दोन्ही गुडघे एकदम पोटाशी न्यायचे, एकदम सोडायचे. हे काम मी उचललं. स्टोव्हला पंप मारावा तशी मी पंप मारत बसायची आणि तोंडानं स्टोव्हचाच आवाज काढायची, सुस्स, सुस्स, भक्क! ‘भक्क’ला ती हसायची. चार दिवसांत तिला कळलं, की पाय दोन असले तरी चालवायचे एकदम. आंघोळीनंतर पावलं कोरडी करायची, तेलाचा हात पावलांना लावायचा नाही, पातळ सुती मोजे, आधी मधला पट्टा आवळायचा, मग नाडी, टाच खाली बसली ना ते बघायचं. हे सगळं मी बिनचूक करत असे. सही तपासणारी बाई होते मी.

फक्त दारावरची बेल वाजली, की माझं सगळं शिक्षण गळून पडायचं.

बेल वाजली की लेकीचा डोळा चुकवून मी बूट काढायची. आधी एकदा, मग दोनदा, मग कुणीही आलं तरी. पाहुणे गेले की पुन्हा घालायची, आणि तेव्हा पोर जो टाहो फोडायची तो आधीपेक्षा मोठा. डॉक्टरांनी बजावलं होतं, काढ-घाल केलीत की तिला कळेल, रडलं की सुटका होते. तिला कळलंच. बँकेत आख्खा काउंटर मला घाबरायचा, आणि चार महिन्यांच्या पोरीनं मला आठवड्याभरात शिकवून तयार केलं.

एक दिवस लेक पुन्हा रुजू होण्याचं बोलायला कंपनीत गेलेली आणि माझी चुलत जाऊ बाळ बघायला आली. मी घाईघाईनं बूट काढून वॉशिंग मशीनमध्ये टाकले. जाऊबाई दोन तास बसल्या. पाऊल बघून म्हणाल्या, “छान आहे हो मुलगी.” मी धन्य झाले. त्या गेल्यावर मी कप विसळत होते, तेवढ्यात लेक आली आणि तिनं दुपटी धुवायला टाकायला मशीनचं झाकण उघडलं.

बूट बाहेर काढून ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. “आई, तुला तिची लाज वाटते?”

“लाज कसली? रडत होती. म्हटलं, जरा मोकळे राहू देत पाय.”

“ती झोपली आहे.”

मी कप विसळत राहिले. एकच कप.

“हे बघ,” ती म्हणाली. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. “फेब्रुवारीपासून मी कामावर जाणार, ते ती तुझ्याजवळ राहणार म्हणून. पुन्हा हे असं दिसलं, तर मी तिला पाळणाघरात ठेवीन. तिथल्या बाईंना निदान इतके नातेवाईक नसतील.”

हे वाक्य मला मशीनपेक्षा जोरात पिळून गेलं. त्या दिवसापासून मी बूट काढले नाहीत. लाज मात्र होती तशीच होती, फक्त आता तिला लपायला जागा उरली नव्हती.

आणि त्यात आलं बोरन्हाण. संक्रांतीनंतर लहान मुलाला काळं झबलं शिवायचं, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, चुरमुरे, गोळ्या ओतायच्या आणि आसपासच्या पोरांनी त्या लुटायच्या. पहिलं बोरन्हाण, म्हणजे सगळ्या सोसायटीला बोलावणं आलंच. मी झबलं शिवलं ते इतकं लांब, की बूट झाकून वर हातभर उरावं. घालून बघितलं तर आतून दांडी अशी आडवी उठून दिसत होती, जणू पोरीला हँगरसकट कपाटातून काढलंय.

“छान,” हे म्हणाले. “इस्त्रीवाल्याकडे द्यायची का?”

बायका आल्या. मी नातीला मांडीवर घेऊन पाटावर बसले आणि झबल्याच्या दोन्ही कडा मुठीत धरून ठेवल्या. खालच्या मजल्यावरच्या वहिनी अगदी समोर. आम्ही दोघी एकमेकींना वहिनीच म्हणायचो आणि एकमेकींवर लक्ष ठेवायचो. त्यांचा मुलगा कॅलिफोर्नियात होता. तिकडच्या चॉकलेटांच्या झिपवाल्या पिशव्या त्या धुऊन, चिमटे लावून, रस्त्याकडच्या दोरीवर वाळत घालायच्या. माझ्या दोरीवर तेव्हा फक्त लंगोट.

पहिली ओंजळ डोक्यावरून पडली. चुरमुरे सुटले, बोरं घरंगळली, पोरं ओरडली, आणि नातीला वाटलं खेळ सुरू झाला. मीच शिकवलेलं होतं. तिनं दोन्ही गुडघे पोटाशी घेतले आणि भक्क! झबलं माझ्या मुठीतून सुटून तिच्या तोंडावर, आणि हवेत दांडीसकट दोन बूट, तळवे समस्त बायकांकडे करून.

बोरं लुटणारी पोरंसुद्धा वाकल्या वाकल्या वर बघायला लागली.

“अगंबाई,” खालच्या वहिनी म्हणाल्या, “हे काय हो?”

लेक माझ्याकडे बघत होती. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मी तोंड उघडलं आणि त्यातून अमेरिका बाहेर पडली. जावयांनी पाठवलं, तिकडे सगळ्या बाळांना घालतात, पाय बळकट होतात, मुलं लवकर चालतात. बोलता बोलता मला स्वतःलाच ते पटत चाललं होतं.

“हो का!” वहिनी म्हणाल्या. “काय काय निघतं बाई तिकडे.”

मग एकेक जण वाकून बघायला लागली. कुणी बूट हातात धरून उलटसुलट केला, कुणी म्हणालं शिवण काय सुंदर आहे, कुणी म्हणालं तिकडचं चामडंच वेगळं. एकीनं तर चष्मा लावून तळ निरखला आणि ठसका लागला म्हणून पदर तोंडाला लावून गॅलरीत गेली. मी तिला पाणी नेऊन दिलं. छाती माझी दोन बोटं फुगली होती.

सगळ्या गेल्यावर चुरमुरे झाडताना लेक म्हणाली, “हे तुझं तू निस्तर. बूट पायात आहेत ना, मला तेवढं पुरे.”

गंमत म्हणजे त्या खोटेपणानं बुटांचं भलंच झालं. आता लपवायचं काही नव्हतं, उलट मिरवायचं होतं. रोज संध्याकाळी मी नातीला बुटांसकट खाली पार्किंगमध्ये न्यायला लागले. काढ-घाल थांबली तसं तिचं रडणंही थांबलं. दांडी कठड्यावर आपटून आवाज करायची नवी कला तिला सापडली. आंघोळीनंतर मोजे घातले की स्वतःच पाय वर करून द्यायची, बूट घाला म्हणून.

फक्त खालच्या वहिनी पाठ सोडेनात. त्यांच्या मुलालाही नुकताच मुलगा झाला होता. “वहिनी, दुकानाचं नाव काय हो? मुलाला सांगते.” दुसऱ्या दिवशी, “वहिनी, निळ्या रंगात येतात का?” मी म्हणायची, जावयांना विचारून सांगते. जावयांचा फोन रविवारी यायचा आणि मी तो लेकीच्या हातात देऊन मोरीत जायची.

फेब्रुवारीत लेक रुजू झाली. गळ्यात ओळखपत्र अडकवून, कोपऱ्यावर येणाऱ्या कंपनीच्या बसकडे जाताना ती तीनदा मागे वळली. मी नातीचा हात धरून टाटा केला. बस गेल्याबरोबर पोरीनं जो सूर लावला, तो दुपारपर्यंत सोडला नाही. दूध नको, खेळ नको, भक्क नको. हे बँकेच्या कामाला बाहेर गेलेले. आणि बेल वाजली.

खालच्या वहिनी. हातात शिवणाची टेप.

“मुलाचा फोन आला होता. म्हणाला, माप पाठव. जरा बूट काढता का? पावलाचं माप घेते. पाचच मिनिटं.”

नात माझ्या मांडीवर लालबुंद होऊन रडत होती. बूट काढले असते तर ती नक्की थांबली असती. वहिनींचं माप झालं असतं, माझी अमेरिका शाबूत राहिली असती, आणि लेक तर पार हिंजवडीला. माझा हात नाडीवर गेला. खरंच गेला. गाठीचं एक टोक मी ओढलंही.

मग ते टोक मी परत घट्ट बांधलं.

“नाही काढणार,” मी म्हटलं. “पाय वाकडा होता तिचा. जन्मतः. प्लास्टर घालून सरळ केलाय, तो परत वळू नये म्हणून हे बूट. आंघोळीशिवाय काढायचे नाहीत. अमेरिकेबिमेरिकेचं काही नाही, मी खोटं बोलले.” एवढं सगळं मी रडणाऱ्या पोरीच्या वरताण ओरडून सांगितलं, त्यामुळे ते बहुधा पार्किंगपर्यंत गेलं.

वहिनींनी टेप गुंडाळून पदराच्या टोकात बांधली. नातीला माझ्या मांडीवरून उचललं, दांडी मधोमध धरली आणि सराईतपणे तिचे दोन्ही गुडघे पोटाशी नेले. ती हुंदका अर्धवट टाकून बघायला लागली. मग तिचे तळवे माझ्याकडे वळवून वहिनी म्हणाल्या,

“बघा, तळाला दुकानाचा शिक्का आहे, सदाशिव पेठ, पुणे ३०. बोरन्हाणाच्या दिवशीच वाचला आम्ही सगळ्यांनी. आता जरा फोन द्या इकडे, तुमच्या लेकीनं जाताना बजावलंय, दुपारी वर जाऊन बघा आणि कळवा म्हणून. तिला सांगते, बूट पायातच आहेत.”