अक्कांच्या आठवणी आणि माझा फॉर्म

मी जळगावला कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो, ही गोष्ट आमच्या घरात कोणी चारचौघांत सांगत नाही. त्याला कारण आहे.

आमची आई गेली. तिला सगळं गाव अक्का म्हणायचं, म्हणून आम्हीही अक्काच म्हणायचो. गेली ती अशी, की सकाळी फोनवर मला "स्वेटर घाल" म्हणाली आणि दुपारी नव्हतीच. तेराव्याला माणसं इतकी जमली आणि तिच्याबद्दल इतकं बोलली, की मला वाटलं, हे सगळं कुठेतरी लिहून ठेवायला हवं. इथवर माझी काही चूक नाही. चूक पुढे झाली, कारण पुढचं मी स्वतः केलं.

माझी कॉम्प्युटरवर एक स्वतःची विकी आहे. विकी म्हणजे एका पानावरून दुसऱ्या पानावर उडी मारता येणारी वही. (माझ्या वहीत पाककृती, वाढदिवस आणि गॅस सिलिंडर कधी लावला याची नोंद असते. बायको म्हणते, गॅस तरीही संपतोच.) त्या वहीत मी अक्कांचं पान केलं आणि पानावर फॉर्म टाकला. नाव, गाव, नातं, आठवण. खाली मोठं बटण, 'पाठवा'. बटण दाबलं की आठवण माझ्या सर्व्हरवर, म्हणजे सगळं गोळा करून ठेवणाऱ्या माझ्या टेबलावरच्या कॉम्प्युटरवर, येणार. वर्षश्राद्धाला त्याची पुस्तिका छापून घरोघर द्यायची. चाचणी घेतली, लगेच पोचलं! मी ते पान घरच्या ग्रुपवर टाकलं आणि छाती फुगवून बसलो.

दुसऱ्या दिवसापासून फोन. पहिला साक्रीच्या मावशीचा, म्हणजे अक्कांच्या धाकट्या बहिणीचा.

"बापू, धाडं रे भो! पोचनं का?"

"पोचलं मावशी, पोचलं!"

न बघताच म्हणालो. आमच्याकडे तशी रीतच आहे. अक्का पारोळ्याहून बसच्या ड्रायव्हरजवळ बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा द्यायची आणि बस गावाबाहेर पडायच्या आत फोन करायची, "पोचनं का?" सुरुवातीला मी खरं सांगायचो की अजून स्टँडवरही गेलो नाही. त्यावर तिनंच शिकवलं होतं, "पोचनं म्हनानं रे. धाडनारना जीव टांगेल ऱ्हास." तेव्हापासून मी आधी 'पोचलं' म्हणतो आणि मग चप्पल शोधतो. या रीतीने चाळीसगावच्या मामांचं पोचलं, भुसावळच्या आत्याचं पोचलं, सगळ्यांचं पोचलं.

मग एक दिवस नानांचा फोन आला. नाना म्हणजे माझे वडील. जन्मभर कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. मशीनशी जितकं बोलले तितकं माणसांशी बोलले नाहीत. अक्का गेल्यावर तर तेही थांबलं. पारोळ्याचं घर सोडायला तयार नाहीत, आणि फोनवर 'हाव', म्हणजे हो, आणि 'ठेव' एवढेच दोन शब्द.

"तुना फॉर्म भरी ऱ्हायनू," नाना म्हणाले. "ठेव."

माझी बायको सुषमा त्या आठवड्यात पारोळ्यालाच होती. तिनं सांगितलं, चार दुपारी नाना ओट्यावर बसून एका बोटानं टाइप करत होते. ती चहा घेऊन गेली की टोपी काढून मोबाइलवर झाकायचे. चौथ्या दिवशी त्यांनी बटण दाबलं, चष्म्याची घडी घातली, "गयं" म्हणाले आणि त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी दोन भाकरी खाल्ल्या. मग मला फोन.

"पोचनं का?"

"पोचलं नाना!"

"हाव," ते म्हणाले. आणि या वेळी 'ठेव' म्हणायला विसरले.

वर्षश्राद्धाला आठवडा राहिला तेव्हा मी एका सकाळी सर्व्हर उघडला. सात नोंदी होत्या. पहिली अशी होती: नाव टेस्ट, गाव टेस्ट, नातं टेस्ट, आठवण 'हॅलो हॅलो'. दुसरी तशीच. सातही तशाच! सुषमा खांद्यावरून वाचत होती.

"अहो, या टेस्टचा अक्कांवर फार जीव होता हो!"

मी हसलो नाही. चूक मला एका मिनिटात कळली, तेच वाईट. पाठवायच्या पत्त्यात मी चाचणीपुरतं 'हाच कॉम्प्युटर' असं लिहिलं होतं आणि बदलायचं विसरलो होतो. माझ्या टेबलावर 'हाच' म्हणजे माझा. साक्रीत 'हाच' म्हणजे मावशीचा मोबाइल. ज्याच्या त्याच्या मोबाइलनं ज्याची त्याची आठवण स्वतःलाच पाठवली, तिथे घ्यायला कोणी नव्हतं, आणि ती हवेत गेली. वर 'धन्यवाद, आपली आठवण पोचली' हे वाक्य काही झालं तरी येईल अशी सोयही मीच केलेली! आणि त्या सात नोंदींत माझ्या स्वतःच्या सात असूनही एकीत अक्का नव्हती. 'हॅलो हॅलो' एवढंच. त्या सकाळी मला रडू आलं ते या गोष्टीचं.

मग मी वही-पेन घेऊन घरोघर निघालो. सांगितलं काय? "छापताना अक्षर बारीक आलं, जरा परत सांगता का?" (कॉम्प्युटर शिकवणारा माणूस बारीक अक्षराचं कारण देतो आणि नातेवाइकांना ते लगेच पटतं, यावरून माझी पत ओळखा.)

मावशी कुरकुरली. "पहिलं भारी लिखं व्हतं. आते तसं नही येवाव." पण बोलायला लागली. लहानपणी साक्रीच्या बाजारात ती हरवली, तेव्हा अक्का बैलगाडीवर चढून तिच्या नावानं ओरडायला लागली. ऐकणारे हसले, मग तेही ओरडायला लागले. "बठ्ठा बाजार मना नावनी हाका मारे, बापू," मावशी म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. तिचं पहिलं याहून भारी असेल तर मला नकोच होतं.

सगळ्यांचं परत मिळालं. राहिले नाना.

पारोळ्याला गेलो. नाना ओट्यावर बसून दाराच्या बिजागरीला तेल देत होते. बारीक अक्षराची थाप इथे मारवेना. फिटर माणूस, मशीन कुठे अडलं ते आवाजावरून ओळखणारे! सरळ सांगून टाकलं.

"नाना, तुमचं पोचलं नाही. कोणाचंच पोचलं नाही. मी खोटं बोललो."

नानांनी दार दोनदा उघडून मिटून पाहिलं. आता ते वाजत नव्हतं.

"काय लिहिलं होतं नाना? परत सांगा. मी हातानं लिहून घेतो."

मी वही उघडून बसलो होतो आणि आठवत होतो, नाना अक्काशी शेवटचं केव्हा बोलताना मी ऐकलं. काही केल्या आठवेना.

"तुले धाडेल नव्हतं," शेवटी ते म्हणाले.

"म्हणजे?"

"तिले सांगानं ऱ्हायी गयथं, ते लिखं. आते सांगी झायं." तेलाच्या बुधलीचं झाकण लावता लावता त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू म्हनना ना, पोचनं म्हनीसन. मंग पोचनं."

मी वही मिटली. त्यांनी मला रागवायला हवं होतं. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

पुस्तिका छापली. नानांचं पान पहिलं. नाव, गाव पारोळा, नातं पती, आणि आठवण या शब्दाखाली कोरं पान. ते काढून टाकायचं सुषमाला वाटत होतं, मला काढवेना. वर्षश्राद्धाला पंगत उठली, पुस्तिका वाटल्या गेल्या, आणि अपेक्षेप्रमाणे चाळीसगावच्या मामांनी भर मांडवात विचारलं, "नाना, तुमचं पान कोरं कसं?"

सगळे वळून बघायला लागले. नानांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर्षभरात कधी नव्हे इतक्या मोठ्यानं म्हणाले,

"मना पोऱ्या कॉलेजमा कॉम्प्युटर शिकाडस!"

आणि सगळ्या मांडवानं समजूतदारपणे मान हलवली.