अडतीस पावलं

मिस्टरची नोकरी माझ्यामुळे गेली.

वीसेक वर्षं हे कुणालाच सांगितलं नाही. आज सकाळी मेसेज आला, मिस्टर गेले. आता कुणासाठी लपवून ठेवू?

अबुधाबीच्या एका क्लबात मी ग्राउंडवर कामाला होतो. गवत कापायचं, जाळ्या बांधायच्या, लाइनी आखायच्या. मिस्टर आमचे फुटबॉल कोच, इटालियन. इटलीत कोचला मिस्टरच म्हणतात म्हणे, म्हणून आम्हीही.

तरुणपणी ते राइट विंगर होते. मोठ्या लीगमध्ये खेळलेले. एकोणतिसाव्या वर्षी गुडघा गेला आणि खेळ संपला. मग छोट्या छोट्या टीमना शिकवत आमच्या वाळवंटात येऊन पोहोचले.

मला ते इंजिनियर म्हणायचे. मी दहावी नापास.

मॅचआधी त्यांची एक सवय होती. मैदानाच्या मधोमध उभे राहायचे आणि साइडलाइनपर्यंत पावलं मोजत जायचे.

अडतीस. नेहमी अडतीस.

विंगरचा जन्म त्या लाइनच्या कडेला जातो, म्हणायचे. ती कुठे आहे हे पायांना पाठ पाहिजे.

त्या शुक्रवारची मॅच हरलो तर कोच घरी, असं मॅनेजरने सगळ्यांदेखत सांगितलेलं. गवत नवीन घातलेलं, जुन्या लाइनी गेलेल्या. स्टोअरला कुलूप, मोजायची टेप आत. मी म्हटलं, हात्तिच्या, माझी सुतळी आहे की. मापाच्या गाठी मारलेली.

ती आदल्या दिवसापासून गवतात पडली होती. पहाटेच्या स्प्रिंकलरने चिंब. तशीच ताणून लाइनी आखल्या.

खाटेचं सुंभ भिजलं की आवळतं, हे कोकणात शेंबड्या पोरालाही कळतं. मला नेमकं त्या दिवशी आठवलं नाही.

मिस्टर मोजत आले आणि छत्तीसला लाइन लागली. गुडघा चोळून हसले.

"टुडे माय लेग व्हेरी गुड, इंजिनियर."

आमचा विंगर सवयीने बॉल पुढे ढकलायचा आणि बॉल लाइनबाहेर. परत तेच. परत तेच. एका गोलने हरलो.

सगळे गेल्यावर मी झेंडे गोळा करत होतो. मिस्टर आले. सुतळी दिवसभर उन्हात वाळली होती. तिचं एक टोक त्यांनी मला मधोमध धरायला लावलं आणि दुसरं घेऊन चालत गेले. लाइन ओलांडून दोन पावलं पुढे गेले, तेव्हा कुठे ती ताणली गेली.

ऑफिसात जाऊन सगळं सांगतो, म्हटलं.

त्यांनी सुतळी गुंडाळली आणि माझ्या खिशात घातली.

"नो. मी, अदर क्लब कमिंग. यू, व्हिसा खलास. बेबी स्मॉल."

बेबीचा फोटो मीच त्यांना दाखवला होता. तीन महिन्यांची होती.

दुसऱ्या दिवशी त्यांना काढलं. मी ऑफिसात गेलो नाही. घाबरलो, सरळ सांगतो.

अदर क्लब आलाच नाही. शेवटपर्यंत ते इटलीत, आपल्या गावातल्या पोरांना शिकवत राहिले. हे आमच्या विंगरने सांगितलं, आजचा मेसेजही त्याचाच.

सायली, तू हे वाचशील. ती बेबी तू. पप्पा ती जुनी सुतळी फेकत का नाहीत, विचारायचीस ना? म्हणून.

मिस्टर, लाइन माझी चुकली होती. तुमची टीम नाही.

उशिरा बोललो. माफ करा.

हात जोडून शेवटचा नमस्कार.