हद्दीपलीकडची चव

नागपूरहून निघालेल्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. साठीचे, संत्र्याचे बागायतदार, मांडीवर घडी घातलेली पिशवी. आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी, म्हणून मला दारूचा वास आला असेल असं समजून त्यांनी आपणच कबूल केलं.

"जावयानं ओटमील स्टाऊट पाजली जी. काळीकुट्ट बियर. पहिले खिरीच्या खरवडीवानी लागते, मंग कॉफीवानी कडू, अन् उतरते आंबिलीसारखी मऊ."

प्रत्येक चवीला ते अंगठा बोटाच्या एकेका पेरावर टेकवत. मग जीभ टाळूला लावून स्वतःलाच दुरुस्त करत, "कॉफी नाई. हुरडा जरा जास्त भाजला ना, तसं."

पाठांतर चाललंय की काय, असं मला वाटलं.

कारंज्याच्या ढाब्यावर गाडी थांबली. मी दोन चहा आणले, तर त्यांनी कपावर तळवाच ठेवला.

"काका, शुगर आहे का?"

"नाई जी. घरी बुढी, म्हंजे आमची बायको, वाट पाहून राह्यली. ते पेत नाई, पण मी आलो का पहिले इचारते, आज काय पेलं, कसं लागलं? आता चहा पेलो त तिले सांगू काय? अन् आता बोलणंबी बंद. बोललं का चव उडते."

दोन्ही चहा मीच प्यायलो.

गाव आलं तसे ते उतरले. मी खिडकीतून नाव विचारलं. त्यांनी हसून हात हलवला, पण ओठ काही उघडले नाहीत.