काळ्या वाटाण्याएवढा चंद्र

समजा, आज संकष्टी आहे. सकाळपासून तुमच्या पोटात चहाशिवाय काही गेलेलं नाही. घाटकोपरच्या डोंगरावर, पाण्याच्या टाकीशेजारच्या कातळावर तुम्ही उभे आहात. एका हातात पितळेचं ताट, दुसऱ्या हातात पळी. तुमच्या पाठीमागे, डोंगराच्या पश्चिम उतारावर, रवळनाथ चाळ आहे. तिथल्या बायकांना उगवता चंद्र दिसत नाही, कारण मध्ये अख्खा डोंगर आडवा आहे. त्यांचे मोदक उकडून झालेत आणि पोरं मोदकांभोवती घुटमळतायत. तुम्ही ताट वाजवलंत की बायका पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य देणार, नैवेद्य दाखवणार आणि मग जेवायला बसणार. समोर हायवेचे पिवळे दिवे, कारखान्यांचे दिवे, सांताक्रूझला उतरायला निघालेल्या विमानाचा दिवा. त्या सगळ्या उजेडातून चंद्र तेवढा निवडून काढायचा. चुकलात तर चाळीचा दिवसभराचा उपास तुमच्या माथी.

सुगंधा परब एकदा चुकली होती.

ताट वाजवण्याचं काम तिच्याकडे सासूकडून आलं. गिरणीचा संप झाला, नवरा दत्ताराम विमानतळावर वॉचमन म्हणून लागला, सुगंधा साकीनाक्याला औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावायला जाऊ लागली, आणि त्याच वर्षी सासू वारली. तेराव्यानंतरच्या पहिल्या संकष्टीला शेजारणींनी ते ताट आपणहून तिच्या हातात दिलं. तिला त्याचा अभिमान होता. कारखान्यात तिला कोणी नावाने हाक मारत नसे. इथे मात्र तिच्या एका आवाजावर चाळ जेवायची.

मग शहाऐंशी सालची वैशाखातली संकष्टी आली. देवनारच्या बाजूला, क्षितिजापाशी धूसर हवेत नारिंगी गोळा दिसू लागला. सुगंधाने ताट बडवलं. खाली अर्घ्यं दिली गेली, मोदक संपले, भांडीसुद्धा घासून झाली. गोळा मात्र होता तिथेच. वर चढायचं नावच घेईना. बऱ्याच वेळाने त्याच्या डावीकडून खरा चंद्र निवांत वर आला. देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला आग लागली होती. चाळीने त्या दिवशी कचऱ्याच्या आगीला अर्घ्य दिलं होतं.

बायका हसल्या. शेजारची जया तर पुढचं वर्षभर दर संकष्टीला विचारायची, "काय वैनी, आज देवाचा चंद्र की देवनारचा?"

हसली नाही ती चंपाकाकी. तिचा एकुलता मुलगा बोटीवर खलाशी होता. तो पहिल्यांदा समुद्रावर गेला तेव्हापासून तिची संकष्टी होती, आणि चंद्र उगवल्याशिवाय तिने कधी अन्नाला हात लावला नव्हता. कोणी म्हटलं, काकी, कॅलेंडरात वेळ छापलेली असते, ती बघून जेवा, तर ती म्हणायची, "कॅलेंडर छापणारो थय डोंगरार उभो रवता काय?" अशा बाईचा उपास सुगंधाने मोडला होता. काकी भांडली नाही. नुसती बोलायची थांबली. पुढच्या संकष्टीपासून, गुडघे धरून, भिंतीचा आधार घेत, ती स्वतः कातळावर येऊ लागली. सुगंधापासून चार हात लांब बसायची, चंद्र दिसला की उठून चालू लागायची. पावसाळ्यात एकदा शेवाळावरून घसरली. गुडघा फुटला. सुगंधा धावली तर काकीने तिचा हात बाजूला सारला.

त्या रात्री सुगंधाने मनाशी पक्कं केलं. पुन्हा चुकायचं नाही. आणि म्हातारीची ही चढण बंद करायची. माफी मागून हे होणार नव्हतं. काकी वर यायची ती खात्री करायला, तेव्हा तिला खात्रीच द्यायला हवी होती.

पण चंद्राची खात्री करायची कशी? रंगावर जाण्यात अर्थ नव्हता, उगवताना तो कधी तांबडा असतो, कधी पिवळा. जागेवर जाण्यातही नव्हता. थंडीत तो विक्रोळीच्या बाजूला उगवायचा आणि उन्हाळ्यात सरकत सरकत देवनारच्या जवळ यायचा. आकाराचं तर काही विचारूच नका. उगवताना भाकरीएवढा, डोक्यावर आला की पुरीएवढा.

वाट सापडली ती सूप घेऊन बसली असताना. आश्विनातल्या एका संध्याकाळी ती कातळावर काळे वाटाणे निवडत होती. किडका वाटतो म्हणून एक वाटाणा तिने हात लांब करून, एक डोळा मिटून, उजेडावर धरला. उजेड समोरच उगवलेल्या चंद्राचा होता. वाटाणा दिसला, चंद्र नाहीसा झाला. तिने वाटाणा बाजूला केला. चंद्र होता. परत धरला. गेला.

तिने हाताकडे पाहिलं. एवढा भाकरीएवढा चंद्र, आणि वाटाण्यामागे मावतो?

मग रात्री, चंद्र माथ्यावर येऊन लहान झाल्यावर, तिने तोच वाटाणा परत धरला. वाटलं, आता वाटाणा मोठा पडेल. पडला नाही. चंद्र झाकून वाटाण्याची जेवढी कड मघाशी बाहेर उरली होती तेवढीच आताही उरली.

दुसऱ्या दिवशी तिने एक वाटाणा भिजवला, झाडूच्या हिराच्या टोकाला टोचला आणि उन्हात कडक वाळवला. नुसत्या बोटांत धरलं की बोटंच आड येत होती. आता हीर हातात धरायचा, हात ताठ करायचा, एक डोळा मिटायचा. हा हीर ती पिशवीत घालून कामावरही नेऊ लागली. साकीनाक्याला बसच्या रांगेत उभी असताना चंद्र दिसला की हात लांब. तिथला एक पानवाला तिला बघून हबकला.

"ओ बाई, माझ्या दुकानावर काय टोणा करताय?"

सुगंधाबरोबर तिची मैत्रीण द्रौपदी होती. दोघी एकाच टेबलावर लेबलं लावायच्या. द्रौपदी डोंगराच्या पायथ्याच्या बौद्धवाडीत राहायची आणि उपासतापासांच्या भानगडीत कधी पडली नव्हती. तीच पुढे झाली. "गप रे. तुझं दुकान बुडलं तर तुझ्या तोंडाने बुडेल, हिच्या वाटाण्याने नाही." बसमध्ये चढल्यावर मात्र सुगंधाला म्हणाली, "पण खरं सांग, तुला येड लागलंय का गं?"

"लागू दे. पण आग वाटाण्यात मावणार नाही, द्रौपदे. चंद्र मावतो. रोज मावतो."

थंडी संपेपर्यंत तिने चंद्र सगळीकडे मापला. कारखान्यांच्या दिव्यांवर, भर पहाटे मावळताना, ढगाच्या फटीतून. वाटाण्याने एकदाही दगा दिला नाही. पण हे चंपाकाकीला सांगायचं कुणी? काकी तिच्याकडे बघतही नव्हती.

आणि वर्ष फिरून वैशाखातली संकष्टी परत आली.

त्या संध्याकाळी देवनार पुन्हा पेटलं होतं. समुद्राकडून येणारा वारा धूर खाडीकडे लोटत होता, आणि चंद्र उगवायचा त्याच बाजूला करडा पडदा उभा राहिला होता. द्रौपदी जेवूनखाऊन गंमत बघायला आली होती. चंपाकाकी तिच्या जागेवर, पदर गुडघ्यावर ओढून बसली होती. कॅलेंडरातली वेळ उलटून गेली. खालून आधी हाका आल्या, मग स्वतः जयाच दोनतीन बायकांना घेऊन वर आली.

"वैनी, वाजव ना. टाइम कधीच झाला!"

"दिसला नाही अजून."

"धुरात कसा दिसेल? पाऊस असला की आपण कॅलेंडरावर जेवतोच ना?"

"पाऊस आकाशभर असतो. हा धूर आहे, चंद्र त्याच्या वर येईल. थांब जरा."

"पोरं रडतायत यार! तुझ्या एका चुकीसाठी आम्ही किती दिवस उपाशी राहायचं?"

हे लागलं. सुगंधाने पळी घट्ट धरली. एवढ्यात धुरामागे नारिंगी उजेड फाकला.

"आला! आला!" जयाने ताटाला हात घातला.

सुगंधाने ताट पाठीमागे नेलं. पिशवीतून हीर काढला, हात ताठ केला, डोळा मिटला. वाटाण्याच्या दोन्ही अंगांनी उजेड बाहेर सांडत होता. "आग आहे," ती म्हणाली.

"त्या काडीला विचारून सांगतेस?" जया खो खो हसली. बाकीच्याही हसल्या. द्रौपदीसुद्धा हळूच म्हणाली, "वाजवून टाक गं. काय फरक पडतोय?"

"फरक पडतो," सुगंधा म्हणाली. ती काकीकडे बघत नव्हती, पण बोलली तिच्यासाठीच. "दिसल्याशिवाय वाजवणार नाही. ज्यांना जेवायचंय त्यांनी जेवा. माझी ना नाही."

कोणी खाली गेलं नाही. कुरकुरत सगळ्या तिथेच उभ्या राहिल्या.

मग डावीकडे, धुराच्या विरळ कडेला, दुसरं काहीतरी वर आलं. पहिल्यापेक्षाही लालभडक, एका बाजूने झिजलेलं, आणि मोठं, परातीएवढं. आता मात्र जयाच म्हणाली, "बापरे, आग पसरली!" एवढा मोठा चंद्र सुगंधानेही जन्मात पाहिला नव्हता. नुसत्या डोळ्यांवर सोडलं असतं तर तिनेही आगच म्हटलं असतं.

तिने हीर उचलला. डोळा मिटला.

परात नाहीशी झाली. अख्खी. वाटाण्याच्या मागे, नेहमीसारखी.

तिने ताट वाजवलं नाही. कातळावरून चालत चंपाकाकीपुढे गेली आणि हीर तिच्या हातात दिला. "काकी, हात लांब करा. एक डोळा मिटा. वाटाणा त्याच्यावर धरा."

काकीने तिच्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा. मग हात लांब केला. म्हाताऱ्या हाताला नेम धरायला वेळ लागला.

"गेलो," काकी पुटपुटली. काडी हलवली. "इलो." परत धरली. "गेलो गो! आणि ती आग?" तिने काडी उजवीकडे नेली. "ती नाय जायत. भायर दिसता."

"आग मावत नाही, काकी. चंद्र मावतो. लाल असो, मोठा असो, कसाही असो. मी सहा-सात महिने बघतेय."

काकीने हात पुढे केला. सुगंधाला वाटलं, उठायला आधार मागतेय. काकीला ताट हवं होतं. तिने ते मांडीवर घेतलं, पळी उचलली आणि असं काही बडवलं की खालच्या कुत्र्यांनी रान उठवलं.

जया धावत उतरताना ओरडली, "देवाचाच आहे गं बायांनो, देवाचाच!"

पुढच्या संकष्टीला चंपाकाकी वर आली नाही. आपल्या दारात पाट टाकून बसली, आणि ताट वाजलं तशी अर्घ्य देऊन जेवली. सुगंधा कातळावरून उतरून तिच्या दाराशी आली तेव्हा काकीने मोदकाची वाटी पुढे सरकवली आणि विचारलं, "आज कितको मोठो दिसलो?"

"परातीएवढा नाही. पण ताटाएवढा होता."

"आणि वाटाण्यात?"

"मावला."

काकीने घास चावून गिळला. "मोठो दिसता, पण मोठो नसता. मग आपल्याक मोठो कित्याक दिसता गो?"

सुगंधाला हाच प्रश्न आश्विनापासून छळत होता. कारखान्यातल्या सुपरवायझरला तिने विचारलं, तो म्हणाला, धुरामुळे. पण थंडीत, स्वच्छ हवेतही तो मोठाच दिसला होता. पोरांच्या शाळेतले मास्तर म्हणाले, उगवताना तो जवळ असतो. जवळ असता तर वाटाण्याबाहेर आला असता. दत्ताराम म्हणाला, उपाशी माणसाला सगळंच भाकरीएवढं दिसतं. मग तिने पोटभर जेवून पाहिलं, तरी तसाच. द्रौपदीने कधी उपास केला नव्हता, तिलाही मोठाच दिसला.

हीर अजून तिच्या पिशवीत असतो. जो कोणी शिकलेला भेटेल त्याच्या हातात ती तो देते, हात ताठ करायला लावते, एक डोळा मिटायला लावते, आणि मग विचारते: वाटाणा खोटं बोलत नाही, माझा डोळाही अधू नाही, मग उगवताना चंद्र मोठा करतं कोण?