पाणी उतरलं का?

मुंबई विमानतळावर सामान तपासणाऱ्या बाईंनी विलासची बॅग उघडायला लावली आणि माझी मान खाली गेली. आतून निघाला पिवळ्या नायलॉनचा जाडजूड दोर, दोन बॅटऱ्या, गळ्यात अडकवायची शिट्टी आणि घराच्या कागदपत्रांची प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली पिशवी. बाईंनी दोराकडे पाहिलं, मग विलासकडे, मग माझ्याकडे.

"कुठे निघालात?"

"अंदमानला. फिरायला," मी म्हटलं.

"फिरायलाच ना?"

"लग्नाला पंचवीस वर्षं झाली. मुलीने पाठवलंय."

बाईंनी हसू दाबत बॅग सोडली. विलासने दोर पुन्हा नीट घडी घालून आत ठेवला. तो दोर का सोबत येत होता ते सांगितल्याशिवाय हा प्रवास कळायचा नाही, म्हणून आधी थोडं घरचं सांगते.

आम्ही मांजर्लीचे. बदलापूर पश्चिमेला उल्हास नदीच्या काठाला आमची सोसायटी आहे. विलास अंबरनाथच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आणि मी उल्हासनगरला एका जीन्सवाल्याकडे हिशेब बघते. पाऊस अति झाला की नदी वर येते, आणि मग सगळे नातेवाईक फोन करून एकच विचारतात, "पाणी उतरलं का?" पावसाळ्यात आमच्याकडे जयभीमच्या आधी हा प्रश्न येतो.

विलास या नदीतच वाढला. मांजर्लीतल्या निम्म्या पोरांना आणि आमच्या प्रज्ञाला त्यानेच पोहायला शिकवलं. मला नाही शिकवू शकला, कारण मी शिकणाऱ्यांतली नव्हेच. तीन पावसाळ्यांपूर्वी आमच्या घरासकट सगळा तळमजला बुडाला तेव्हा विलासने शेजारच्या म्हाताऱ्या काकांना पाठीवर घेऊन वरच्या मजल्यावर नेलं. मग त्यांच्या औषधांची पिशवी आणायला परत उतरला, पाण्याने त्याला ओढत नेलं आणि सोसायटीच्या गेटमध्ये त्याचा पाय अडकला. पाणी डोक्यावरून गेलं. पोरांनी दोर टाकून त्याला ओढून काढलं. तोच हा पिवळा दोर.

दुसऱ्या दिवशी पाणी उतरलं. विलास मात्र त्यानंतर नदीवर गेला नाही. बेडरूमची नदीकडची खिडकी त्याने बंद केली ती केलीच. पोहण्याचा विषय काढला की तो ताटातलं जेवण तसंच ठेवून उठायचा. प्रज्ञाने मुद्दामच डोंगर न निवडता बेट निवडलं होतं. अंदमान मला बघायचं होतंच, पण पाण्यात उतरलेला माझा नवरा मला परत बघायचा होता. त्यासाठी मी समुद्रच काय, सातासमुद्रापार गेले असते.

चेन्नईला विमान बदललं. पोर्ट ब्लेअर जवळ आलं तशी खाली निळ्या पाण्यात हिरवी बेटं दिसू लागली, कुणी पोह्यांवर कोथिंबीर भुरभुरवावी तशी. मी खिडकीला नाक लावून बसले. शेजारी विलास सुरक्षेच्या सूचनांचा कागद वाचत होता. लाइफ जॅकेट कुठे असतं ते त्याने हवाई सुंदरीला दोनदा विचारलं.

नील बेटाला जाणारी बोट दुसऱ्या दिवशी होती. धक्क्यावर सगळे वरच्या डेकसाठी धावले. विलासने आतली, बरोब्बर मधली खुर्ची पकडली. गंमत अशी की बोट लागली ती मला. उलटीची पिशवी हातात धरून मी बसलेली, आणि पाण्याला घाबरणारा माझा नवरा माझ्या पाठीवरून हात फिरवतोय!

"कोण कुणाला पाण्यात उतरवणार आहे गं?" तो म्हणाला. म्हणजे आमचा बेत त्याला ठाऊक होता तर.

नील बेट छोटंसं आहे. भाताची आणि भाजीची शेतं, नारळी-सुपारी, मधून जाणारा एकच मुख्य रस्ता. पूर्व बंगालातून येऊन वसलेली माणसं इथे बरीच. आम्ही उतरलो ती जागा अशाच एका बाईंची होती. किनाऱ्यालगत बांबूच्या चार-पाच खोल्या, समोर केवड्याची झुडपं आणि झुडपांपलीकडे समुद्र. सगळे त्यांना बौदी (वहिनी) म्हणत, म्हणून आम्हीही तेच म्हणू लागलो. दुपारी त्यांनी मोहरीच्या वाटणातलं मासळीचं कालवण आणि गरम भात वाढला. पहिल्या घासाला नाकातून धूर निघाला, तिसऱ्याला मी भात मागितला.

"दीदी, तीखा कम करूँ?" बौदींनी विचारलं.

"नको, नको. नाक साफ हो रहा है," मी म्हटलं.

संध्याकाळ इथे फार लवकर होते. पाच वाजून गेले की सूर्य चालू लागतो, म्हणून जेवण होताच मी माझा पोहण्याचा पोशाख चढवला. तो मी उल्हासनगरच्या बाजारातून घेतला होता. दुकानदारकाका छातीवर हात ठेवून म्हणाले होते, "भाभी, बेफिकर ले जाओ. समंदर सूख जाएगा, इसका रंग नहीं जाएगा." गुडघाभर पाण्यात मी पाच मिनिटं बसले आणि माझ्याभोवती जांभळं तळं झालं. बाहेर आले तेव्हा माझे पायही जांभळे. विलास वाळूत चपला आणि बॅगा सांभाळत बसला होता. तो इतका हसला की त्याला ठसका लागला. तसं हसणं मी खूप दिवसांनी ऐकलं. पण हसताहसता लाटेचा फेस त्याच्या पायाशी आला, तसा तो बॅगा उचलून मागे सरकून बसला.

पौर्णिमा त्याच रात्री होती. दुसऱ्या सकाळी मी आंघोळ करून आले तो खोलीत अंधार. विलासने मेन स्विच बंद केला होता. गादी टेबलावर चढली होती, बॅगा कपाटावर, चपला खिडकीच्या कठड्यावर. कागदपत्रांची पिशवी गळ्यात अडकवून तो दारात उभा होता. दाराबाहेर, खालच्या पायरीला, समुद्र लागला होता. काल जिथे आम्ही बसलो ती वाळू दिसतच नव्हती.

"मंगल, वर चढ," तो म्हणाला आणि शेजारच्या खोलीकडे धावला. "पानी आया! उठो! सामान ऊपर लो!" शिट्टीही वाजवली.

शेजारी जयपूरचं नवं लग्न झालेलं जोडपं होतं. मुलगी हातभर चुड्यासकट खुर्चीवर चढली. मुलगा तोंडात ब्रश तसाच ठेवून सुटकेस डोक्यावर घेऊन उभा राहिला. मीही, खोटं कशाला बोलू, गॅस कुठे बंद करायचा ते शोधू लागले. मांजर्लीच्या माणसाला पाणी दारात आलं की दुसरं सुचत नाही.

तेवढ्यात बौदी चहाचा ट्रे घेऊन घोट्याभर पाण्यातून आरामात चालत आल्या.

"दादा, ये क्या कर रहा है?"

"पानी चढ़ रहा है!"

"चढ़ेगा ना. पूर्णिमा का जोआर (भरती) है. अभी थोड़ा देर में जाएगा. चाय लीजिए."

जयपूरची मुलगी खुर्चीवरच हसू लागली. मलाही हसू फुटलं, पण विलासकडे पाहिलं आणि विरलं. त्याने कप घेतला होता, पण शिट्टी अजून दातांत घट्ट धरलेली होती. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, हे मी शंभरदा ऐकलं होतं. त्या सकाळी पोळलेलं तोंड किती पोळलंय ते दिसलं. मी त्याच्या हातातून कप घेतला आणि आम्ही दोघं वरच्या पायरीवर बसलो.

"जाईल म्हणतात," मी म्हटलं.

"बघू."

त्याने केवड्याची वाळलेली काडी घेऊन पाण्याच्या कडेला वाळूत खोचली. नाश्ता आला, तो तिथेच बसून खाल्ला. बऱ्याच वेळाने काडीभोवतीचं पाणी सुटलं. विलासने पुढे जाऊन दुसरी काडी खोचली आणि परत येऊन बसला. मग तिसरी. तोच बोलू लागला.

"ते गेट मीच बनवलंय, मंगल. सोसायटीला फुकट वेल्डिंग करून दिलं होतं. गज न गज माझा. आणि त्यातूनच पाय निघेना. नदी माझी, गेट माझं, आणि दोघांनी मिळून मलाच धरलं."

मी त्याचा हात धरला.

"आणि पाणी उतरताना मी बघितलंच नाही. तुम्ही सगळ्यांनी बघितलं. मी दवाखान्यात. घरी आलो तेव्हा नुसता चिखल. अजून डोळे मिटले की पाणी तिथंच असतं, गेटच्या वर."

इतकी वर्षं एका छताखाली राहून ही गोष्ट मला माहीत नव्हती. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. तोवर समुद्र बराच लांब गेला होता. जिथे पाणी होतं तिथे आता ओले खडक, प्रवाळ आणि छोटी डबकी उघडी पडली होती. विलासने काड्या मोजल्यासारख्या नजरेखालून घातल्या, पँट दुमडली आणि उठला.

"चल, कुठपर्यंत गेलंय बघू."

त्या दुपारी आम्ही ओहोटीत फिरलो. डबक्यांतून बोटाएवढे निळे मासे पळत होते. एका खडकाला चिकटलेला मोठा शिंपला आमची सावली पडताच ओठ मिटून बसला. विलासच्या पोटऱ्यांपर्यंत पाणी येत होतं आणि त्याचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. माझं होतं.

परतताना त्याने बौदींना विचारलं, "कल कितने बजे आएगा?"

"कल पौन घंटा लेट," बौदी म्हणाल्या. "ये समंदर है दादा, रोज़ आता है, रोज़ जाता है."

तिसऱ्या दिवशी डोंगी (लहान होडी) करून आम्ही प्रवाळ बघायला गेलो. डोळ्यांना काचेचा चष्मा, तोंडात नळी, अंगात नारिंगी जॅकेट. जयपूरचं जोडपं धपाधप पाण्यात पडलं. विलास होडीच्या काठावर बसून राहिला. सोबत आणलेला पिवळा दोर मांडीवर. होडीवाल्याने तो पाहिला आणि आपल्या नांगराचा दोर ताणून बघितला.

"अभी चढ़ रहा है या उतर रहा है?" विलासने विचारलं.

"उतर रहा है, दादा."

विलासने दोर माझ्या हातात दिला आणि शिडीवरून सावकाश पाण्यात उतरला. उडी नाही, आवाज नाही. आधी गुडघे, मग कंबर, मग खांदे.

दोन हात मारले असतील नसतील, तो एकदम थांबला. चेहरा पांढराफटक. नांगराचा दोर त्याच्या पायाला लागला होता. त्याने शिडी गच्च धरली, डोळे मिटले.

"दादा, ऊपर आना है?" होडीवाल्याने हात पुढे केला.

मी म्हणणारच होते, ये वर, पुरे झालं. माझ्या ओठांवर आलं होतं. पण विलासने मान हलवली. चष्मा नीट केला, तोंड पाण्यात घातलं आणि एका हाताने तो नांगराचा दोर चाचपत थेट खाली बघू लागला, कारखान्यात एखादी नळी कुठून गळते ते शोधावं तसा. मग तोंड वर काढून, नळी बाजूला करून मला म्हणाला, "दोर आहे. नुसता दोर आहे." मग जॅकेट काढून होडीत टाकलं आणि शिडी सोडली.

त्यानंतर तो जो पोहला! ओळखीचे लांबलांब हात, पाण्याखाली सूर, दम घ्यायला वर. मी होडीत बसून वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होते.

"आता तू," तो शिडीशी येऊन म्हणाला.

"मी? मला येत नाही."

"जॅकेट आहे. मी आहे."

आता घोडं माझ्यापाशी अडलं होतं. त्याला पाण्यात उतरवायला निघालेली मी शिडीच्या दुसऱ्या पायरीवर लटकून राहिले. शेवटी त्याने माझी मान तळहातावर घेतली. "पाण्याशी भांडू नको. मान सोड. कान बुडू देत." कान बुडाले आणि जगातला आवाज बंद झाला. पाठीखाली त्याचा हात, वर आभाळ. थोड्या वेळाने कळलं की हातही काढून घेतलाय. मग त्याने मला पालथं केलं, आणि काचेतून मी खाली पाहिलं: पिवळेजर्द मासे, लोणच्याच्या बरणीएवढं तोंड असलेला एक काळा मासा, मेंदूसारखे गोल प्रवाळ. खालून एक कासव शांतपणे वल्हवत निघून गेलं. मी ओरडले, पाणी तोंडात गेलं, खोकले, आणि तरीही परत तोंड खाली घातलं.

निघायच्या दिवशी विलासने तो पिवळा दोर होडीवाल्याला देऊन टाकला. बौदींनी नारळाच्या वड्या बांधून दिल्या आणि त्याला म्हणाल्या, "दादा, घर में पानी आए तो हमको फोन करना." विलास हसला. म्हणाला, "आएगा तो आपको बताऊँगा. और जाएगा तो भी."

परतीच्या विमानात मी विचार करत होते. समुद्राला वेळापत्रक आहे, आमच्या नदीला नाही. पुढच्या पावसाळ्यात ती यायची असेल तर येईल, आणि आम्ही गाद्या टेबलावर चढवू, मेन स्विच बंद करू. एका बेटावर सहा दिवस राहून मांजर्लीचा पूर थांबत नाही. एवढं मात्र खरं की जाताना मधली खुर्ची शोधणारा माणूस परतीच्या बोटीत वरच्या डेकवर कठड्याला टेकून उभा होता, आणि त्याने एकदाही लाइफ जॅकेटचं नाव काढलं नाही.

घरी पोहोचलो तेव्हा ऊन कलायला आलं होतं. मी बॅग न उघडताच चहा ठेवला. बेडरूममधून खरवडल्याचा आवाज येऊ लागला. जाऊन बघते तर विलास गुडघ्यांवर बसून जुन्या टूथब्रशने सरकत्या खिडकीच्या खाचेतली माती काढत होता. पुराच्या वर्षाची माती, घट्ट झालेली. दोन झटके दिले, खिडकी हलली नाही. तिसऱ्याला कुरकुरत उघडली.

मी परत चहाकडे आले, कारण दूध वर येत होतं. तेवढ्यात प्रज्ञाचा फोन. स्पीकरवर टाकला.

"पोहोचलात? पप्पा कुठे आहेत? पाण्यात गेले का? आई, खरं सांग."

मी काही सांगायच्या आत आतून विलासचा आवाज आला. फेब्रुवारीतली नदी, मधोमध खडक उघडे, काठाला म्हशी बसलेल्या, एवढंच त्या खिडकीतून दिसत असणार.

"प्रज्ञा," तो मोठ्याने म्हणाला, "उतरलं गं पाणी."

मी गॅस बंद केला आणि दोन्ही कप घेऊन खिडकीशी गेले.